डोंगर दिसतो, माणसं कुठं गेली?



जुन्या निसर्गचित्रांवरचं चर्चासत्र पुण्यात न भरवता जुन्नरला कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. अहो, १४९० मध्ये निजामशाही उभी राहिली ती जुन्नरचा कारभार पाहणाऱ्या मलिक अहमदच्या हातून! त्याच घराण्याच्या दरबारात १५६५ च्या सुमारास ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र फारसी पोथी तयार झाली. आज ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या एका चित्रात बाईच्या स्पर्शानं झाड बहरतं. म्हणजे आपल्या संस्कृत काव्यातला दोहद थेट सुलतानाच्या पोथीत. पण मी अडकतो तो दुसऱ्या चित्रांपाशी. त्यांत सुलतानाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायून बसलेली होती. नवऱ्यामागं तिनं राज्य चालवलं, पुढं पोटच्या मुलानंच तिला कैद केलं. चित्रांमधली तिची आकृतीही कुणीतरी पुसून टाकली. सुलतान जागच्या जागी आहे, शेजारी नुसता डाग.

चित्रात कोण उरतं, तसंच चित्र कुणासाठी, हेही पाहायला हवं. चित्रकार गंगाराम तांबटांनी १७९५ मध्ये पुण्यातली पर्वतीची टेकडी रंगवली. ते काम पेशव्यांचं नव्हे, पुण्यातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांचं. टेकडी आपली, हात आपला, गिऱ्हाईक साहेब. चित्र आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात. मग ती टेकडी कुणाच्या नजरेनं पाहिलेली म्हणायची?

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. पावसाळा सरला की डिंभे धरणाच्या जलाशयाचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. देखणे असतात, नाही कशाला म्हणू? पण ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगाव त्याच पाण्याखाली आहे. तिथून उठवलेल्या एखाद्या आजींना तो फोटो दाखवा. त्या निळाई बघणार नाहीत, आपलं घर कुठं होतं तिथं बोट ठेवतील.

तेव्हा अभ्यासकहो, रंग, रेषा, रचना यांवर भरपूर बोला. पण चित्र कुणी काढवून घेतलं आणि कुणाला बाहेर ठेवलं, हेही आम्हाला सांगा. उद्या सकाळी हापूसबागेतला सौदागर गुंबज पाहायला जायचं आहे. एक विनंती: फोटो नीट यावा म्हणून शेतातल्या माणसांना बाजूला व्हायला सांगू नका. दुपारच्या जेवणाला मासवडी आहे. रस्सा आमच्याकडचा आहे, जपून घ्या!