राज्यपालांची सही आणि आपला अनुशेष

(बेव्हर्ली पार्क, मीरा रोड येथे, मुंबई परिसरात कामाला आलेल्या कोरडवाहू भागातील गावकऱ्यांच्या बैठकीत झालेले भाषण)



राज्यपाल म्हटले की आपल्याला मलबार हिलचा बंगला आणि सलामी आठवते. आपल्या पऱ्हाटीशी त्या माणसाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो घटनेत लिहिला आहे. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांचा सातबारा अजून गावाकडेच आहे, म्हणून नीट ऐका.

दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेष मोजला, तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये. पाटबंधारे, रस्ते, वीज, शाळा, सगळे धरून. पुढे दहा वर्षांनी, १९९४ साली, कलम ३७१(२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची विकास मंडळे आली. पैशाचे न्याय्य वाटप पाहण्याची खास जबाबदारी मुख्यमंत्र्यांवर नाही, राज्यपालांवर टाकली. मंडळांनी धरणे बांधली नाहीत, हे आम्हीही जाणतो. पण आमच्या वाट्याचे पाणी कुठे अडले, हे सरकारी कागदावर लिहून घेण्याची ती एक जागा होती.

३० एप्रिल २०२० ला त्या मंडळांची मुदत संपली. मुदतवाढ मिळाली नाही. पुढचे ऐका. ६ नोव्हेंबर २०२० ला मंत्रिमंडळाने विधान परिषदेच्या १२ जागांची यादी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे दिली. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मार्च २०२१ मध्ये अर्थमंत्री अजित पवार विधानसभेत म्हणाले की १२ नावे ज्या दिवशी जाहीर होतील त्याच दिवशी मंडळेही जाहीर करू. म्हणजे राजभवनाने यादी दाबली आणि सरकारने त्या बदल्यात आमचा अनुशेष गहाण ठेवला! यात कोणी नोटांची पेटी घेतली असे आम्ही म्हणत नाही. पण हातातली सही सौद्याला लावणे हाही भ्रष्टाचारच.

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की राज्यपालांनी वाजवी वेळेत नावे स्वीकारावीत किंवा परत पाठवावीत. तरीही कागद हलला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. कपाशीची पेरणी वापसा गेल्यावर केली तर बोंड अळीच्या तोंडी जाते, हे आपल्या पोरालाही कळते. उशीर हाच निर्णय असतो.

राजभवनाला घाई करता येत नाही असे मात्र नाही. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास शपथविधी झाला. तोवर आम्ही जनावरांचे शेणही काढलेले नव्हते. त्याच महिन्यात, राष्ट्रपती राजवटीत, अवकाळीने बुडालेल्या खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत, राज्यपालांनीच जाहीर केले. म्हणजे एकरी ३,२०० रुपये. कमी होते, पण जलद होते, हे कबूल करायला हवे.

मग जून २०२२. कोश्यारींनी उद्धव ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगितले. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटले की सरकारने विश्वास गमावला असे मानायला राज्यपालांपुढे पुरेसा आधारच नव्हता. मात्र ठाकरे यांनी स्वतःच राजीनामा दिला होता, म्हणून जुने सरकार परत आणता येत नाही. कोश्यारी तर त्याआधीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पद सोडून गेले होते. चूक ठरली, शिक्षा कुणालाच नाही. आमच्या पीककर्जाचा एक हप्ता थकला की बँकेचा माणूस दारात येतो.

कोणता पक्ष खरा, हे सांगायला आम्ही आलेलो नाही. मंडळांच्या कामाचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे कलम ३७१(२) मध्येच आहे. जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक तालुक्याने राज्यपालांच्या नावे एक पत्र लिहून आणावे : आमच्या तालुक्याचा सिंचनाचा अनुशेष आज किती, आणि तो शेवटचा कोणत्या वर्षी मोजला? पोच पावती घ्यायला विसरू नका.