परिचारिकेचा निर्णय आणि आपले अध्यापन



अध्यक्षाने आरंभी आपली अपात्रता सविस्तर वर्णन करावी आणि श्रोत्यांनी ती सौजन्याने ऐकून घ्यावी, हा आपल्या संमेलनांचा जुना शिरस्ता आहे. तो आज मी बाजूला ठेवते. कारण आपण दिलेल्या सन्मानाबद्दलची कृतज्ञता एका वाक्यात मावते, आणि ज्या विषयासाठी मी उभी आहे तो मिळालेल्या वेळात मावेल की नाही याची मला शंका आहे. मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डांतील रुग्णांविषयी निर्णय कसा घ्यावा हे विद्यार्थिनीला शिकवावे कसे, हा तो विषय. विद्यार्थिनी म्हणताना आपल्या वर्गांतून आता बसणारे मुलगेही मला अभिप्रेत आहेत. आजच्यापुरते त्यांनी स्त्रीलिंग पत्करावे, आम्ही इतकी वर्षे सभासंमेलनांतून पुल्लिंग पत्करलेच आहे.

पहिला आक्षेप मला तोंडपाठ आहे. निर्णय डॉक्टरांचा, अंमलबजावणी आपली. मग मुलींच्या डोक्यात हे भलते कशाला भरवायचे? रोगाचे निदान करणे आणि औषध लिहून देणे हा डॉक्टरांचा अखत्यार आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलेल्या मधुमेही रुग्णाचे सकाळचे इन्सुलिन कागदावर लिहिले आहे म्हणून टोचावे की थांबून विचारावे. डिगॉक्सिनची गोळी हातात असताना नाडी साठाच्या खाली भरली तर ती गोळी द्यावी की राखून ठेवावी. ज्याला सहा तासांत लघवी झालेली नाही त्याच्या सलाईनमध्ये पोटॅशियम घालण्याचा हुकूम तसाच अमलात आणावा की निवासी डॉक्टरांना झोपेतून उठवावे. आणि तीस खाटांच्या वॉर्डात तिघांनी एकाच वेळी हाक मारली तर आधी कोणाकडे धावावे, हे प्रश्न रात्री अकरानंतर कोण सोडवते? ड्यूटीवरची सिस्टर सोडवते. आपण शिकवले तरी ती ते सोडवणार आहे, आणि न शिकवले तरीही.

हे आपण शिकवीत नाही याला इतिहासही आहे. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडण्याचे धैर्य केले, तेव्हाचा झगडा वेगळाच होता: कुलीन घरातील स्त्रीने परक्या रुग्णाच्या अंगाला हात लावावा की नाही, याची रुजुवात समाजापुढे चालली होती. हातांचा तो हक्क मिळवताना आज्ञाधारकपणा हा या व्यवसायाचा प्रथम गुण म्हणून मांडला गेला, आणि त्या काळी तो मांडणे बहुधा अपरिहार्यच होते. पुढे १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला पदवीचे शिक्षण सुरू झाले, १९६४ साली मुंबईत श्रीमती नाथीबाई ठाकरसी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. पदवी आली, पुस्तके जाडजूड झाली. विद्यार्थिनीचे जर्नल उघडून पाहावे, तर त्यात आजही बहुतांशी हातांचीच कामे असतात: अमुक इतकी ड्रेसिंग्ज, अमुक इतकी कॅथेटर, अमुक इतकी इंजेक्शने, आणि शेवटी वरच्या वर्गातील ताईच्या वहीतून उतरवून घेतलेले केअर प्लॅन, ज्यांत रुग्णाचे नाव तेवढे बदललेले असते.

आता एक रुग्ण आपणांपुढे ठेवते. तो मी अध्यापनासाठी रचलेला आहे, पण त्याची भावंडे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. साठीचा शेतकरी, वजन साठ किलो; दुपारी पोट उघडून पित्ताशय काढलेले; रक्तदाबासाठी रोज मेटोप्रोलॉल घेणारा, शस्त्रक्रियेच्या सकाळीही ती गोळी घेतलेला. रात्री दहा वाजता नाडी ८४, रक्तदाब १२४/८०, श्वास मिनिटाला १८. बारा वाजता नाडी ९२, रक्तदाब ११८/८६, श्वास २२. दोन वाजता नाडी ९६, रक्तदाब ११२/९०, श्वास २६. ताप नाही, ऑक्सिजन ९६ टक्के, रुग्ण शुद्धीवर. ड्रेनच्या पिशवीत काही नाही. लघवीच्या पिशवीत गेल्या तासाभरात जेमतेम २० मिलिलिटर. खाटेशेजारी चटईवर बसलेला मुलगा म्हणतो, "सिस्टर, बाबा नुसती चुळबुळ करतायत, आणि सारखं पाणी मागतायत."

तिसऱ्या वर्षाच्या वर्गापुढे हा रुग्ण ठेवला, की पहिले उत्तर बहुधा असे येते: रक्तदाब ठीक आहे, नाडी शंभरच्या आत आहे, चुळबुळ वेदनेमुळे असणार, तेव्हा लिहून ठेवलेले वेदनाशामक द्यावे. या उत्तरातील एकेक विधान सुटे घेतले तर निर्दोष वाटते. एकत्र घेतले तर रुग्ण आतल्या आत रक्त गमावीत असताना आपण त्याला गुंगी देऊन निजवणार आहोत. रक्तदाबाच्या वरच्या व खालच्या आकड्यांतील अंतर पाहा: दहा वाजता ४४, बारा वाजता ३२, दोन वाजता २२. रक्तवाहिन्या आकसून घेऊन शरीर रक्तदाब सावरून धरते, आणि एकंदर रक्ताचा सुमारे तीस टक्के भाग जाईपर्यंत वरचा आकडा पुष्कळदा फारसा ढळत नाही. तो ढळेल तेव्हा इशाऱ्याची वेळ टळून गेलेली असते. नाडी शंभरच्या आत आहे, कारण तिला धावण्याची मनाई मेटोप्रोलॉलने करून ठेवली आहे. साठ किलोच्या माणसाला किलोमागे अर्धा मिलिलिटर या हिशेबाने ताशी निदान ३० मिलिलिटर लघवी व्हावी. येथे ती २० आहे. ड्रेन कोरडा असणे हा रक्तस्राव नसल्याचा दाखला नव्हे, नळीत गुठळी अडकली असली तरी तो कोरडाच राहतो. आणि तहान व चुळबुळ यांची नोंद करण्यासाठी आपल्या तक्त्यावर रकानाच नाही, म्हणून ती गोष्ट मुलाच्या तोंडीच राहून जाते.

श्वासाच्या रकान्याविषयी थोडे अधिक बोलण्याची मला मुभा द्यावी. कोणत्याही वॉर्डातील टीपीआर चार्ट उचला. खाट क्रमांक एकपासून तीसपर्यंत श्वास १८, फार तर आलटून पालटून २०. तीस माणसे, कुणाला न्यूमोनिया, कुणाचे पोट फुगलेले, कुणी नुकताच जिना चढून आलेला, आणि सगळे जणू कवायतीला उभे असल्यासारखे एका तालात श्वास घेत आहेत! लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली सिद्ध केलेली आणि २०१७ साली सुधारलेली 'न्यूज' नावाची गुणपद्धती आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. तिच्या हिशेबाने आपल्या रुग्णाचे रात्री दोनचे गुण चार होतात, त्यांपैकी तीन एकट्या श्वासाचे; आणि एकाच घटकाला तीन गुण पडले, तर तेवढ्यावरून डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहावे असा तिचा दंडक आहे. त्याच रकान्यात शिरस्त्याप्रमाणे १८ लिहा. गुण एक होतो, आणि वॉर्ड शांतपणे निजतो. यावर मुलींना दटावून आपण थकलो आहोत. माझे मत असे, की त्या आळशी नाहीत. ज्या आकड्यावरून कुणी कधी काही ठरवताना तिने पाहिलेच नाही, तो आकडा पूर्ण मिनिटभर घड्याळ धरून ती मोजील कशाला?

येथून माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. विद्यार्थिनीला निर्णय शिकवायचा असेल, तर खाटेजवळ जाण्यापूर्वी तिला अपेक्षा करायला लावावी. सकाळचे हँडओव्हर संपले, की वॉर्डाच्या दाराशी दोन मिनिटे थांबवून तिला विचारावे: या रुग्णाची शस्त्रक्रिया, त्याचे वय, त्याच्या गोळ्या लक्षात घेता आता तुला काय दिसेल असे वाटते? काय दिसले तर तू घाबरशील? आणि घाबरलीस तर पहिली गोष्ट कोणती करशील? उत्तरे तिने वहीत पेन्सिलीने लिहावीत, मग खाटेजवळ जावे, आणि दुपारच्या चर्चेत लिहिलेले व पाहिलेले शेजारीशेजारी ठेवावे. मेटोप्रोलॉलवरील रुग्णाची नाडी संथ असेल अशी जिने आधी अपेक्षा केली, तिला ९६ हा आकडा टोचतो. जिने काहीच अपेक्षिले नाही, तिला तो कोष्टकातल्या मर्यादेत बसलेला दिसतो. अमेरिकेतील परिचर्या-अध्यापिका क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ साली परिचारिकेच्या विचाराचे लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि मागे वळून पाहणे असे चार टप्पे मांडले; त्यांपैकी पहिल्या टप्प्याविषयी त्यांचेही प्रतिपादन हेच आहे, की काय लक्षात येईल हे बऱ्याच अंशी पाहणारीने काय अपेक्षिले होते त्यावर अवलंबून असते. आपले केअर प्लॅन मात्र सगळे पाहून झाल्यावर, वसतिगृहात, रात्री लिहिले जातात.

अपेक्षा चुकीची असली तर काय, असे कुणी विचारील. चुकीची असली तर उत्तमच. तीच शिकवण्याची जागा. पावसाळ्यात आपले मेडिकल वॉर्ड डेंग्यूच्या रुग्णांनी भरतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला, की नातेवाईक नारळपाणी आणून देतात व विद्यार्थिनी 'प्रकृतीत सुधारणा' असे लिहून मोकळी होते. तिची अपेक्षा ही, की ताप गेला म्हणजे रोग गेला. वस्तुस्थिती अशी, की काही रुग्णांत नेमक्या त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. पोट दुखणे, उलट्या न थांबणे, मलूल होणे, प्लेटलेट उतरत असता हिमॅटोक्रिट चढणे ही त्याची लक्षणे. उतरलेल्या तापाच्या दिवशी अधिक जपावे, हे तिला व्याख्यानात दहादा सांगून जे साधणार नाही, ते तिची स्वतःची पेन्सिलीची ओळ फसलेली तिने एकदा पाहिली की साधते.

तथापि नवशिकीकडून अनुभवी सिस्टरच्या नजरेची मागणी करणे अन्यायाचे होईल. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत परिचारिकेच्या पाच पायऱ्या वर्णिल्या. पहिल्या पायरीवर नियमाचा कठडा लागतोच, आणि गुणपद्धती, तपासयादी यांना 'यांत्रिक' म्हणून नाक मुरडणाऱ्या विद्वानांशी माझे जमत नाही. खरी अडचण वरच्या पायरीवर आहे. आपल्या इनचार्ज सिस्टर वॉर्डात शिरताच एका खाटेकडे पाहून म्हणतात, "हा मला बरा दिसत नाही," आणि पुष्कळदा ते खरे ठरते. पण त्यांनी काय पाहिले, ओठांचा रंग की उशीवरचा घाम की कालच्याहून तुटक झालेले बोलणे, हे त्या सांगत नाहीत. त्यांना तसे कुणी कधी विचारलेलेच नसते. कॉलेजची ट्यूटर शिकवते पण वॉर्डात तिचा हुकूम चालत नाही, आणि वॉर्डाची सिस्टर जाणते पण शिकवणे तिच्या कामाच्या यादीत नाही. या दोघींमध्ये विद्यार्थिनी उभी असते, बहुधा बेडपॅन हातात घेऊन. इनचार्ज सिस्टरने दिवसातून एका रुग्णापाशी पाच मिनिटे आपला विचार मोठ्याने बोलून दाखवावा, आणि ते काम तिच्या अधिकृत कामात धरले जावे, एवढी तजवीज झाली तरी सरावासाठीचे महागडे पुतळे विकत घेण्यापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. पुतळ्यांना माझा विरोध नाही. ते काचेच्या कपाटात असतात आणि तपासणीच्या दिवशी कुलूप निघते, एवढेच माझे निरीक्षण आहे.

निर्णय मनात झाला तरी तो सांगता आला पाहिजे. रात्री दोन वाजता फोनवर "सर, पेशंटला जरा अस्वस्थ वाटतंय" असे म्हटले, तर पलीकडून "बरं, बघतो सकाळी" असे उत्तर आले यात नवल नाही. अमेरिकेच्या नौदलातील पाणबुड्यांच्या संदेशपद्धतीवरून रुग्णालयांत आलेली एसबार ही रीत, म्हणजे आताची स्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी विनंती हा क्रम, आपण परीक्षेपुरती शिकवतो. पहिल्या दोन भागांत मुली तरबेज होतात. तिसऱ्या भागाशी जीभ अडखळते. "मला वाटते आत रक्तस्राव होत असावा" हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे तिला तीन-चार वर्षांत कुणी भासवलेलेच नसते. म्हणून ते वाक्य वर्गात मोठ्याने, मराठीत आणि इंग्रजीत, म्हणवून घ्यावे. आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला त्रासलेल्या डॉक्टरची भूमिका एखाद्या अध्यापिकेने मनापासून करावी. ती आपल्यापैकी अनेकजणी सुरेख वठवतील.

अध्यापनाने सर्व काही साधेल असा माझा दावा नाही. लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवले, की परिचारिकेकडील रुग्णसंख्या एकाने वाढली की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तेथील चार-आठ रुग्णांचा हिशेब आपल्या तीस-चाळीस खाटांना जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु मनुष्यबळाची मागणी सरकारदरबारी करताना हा कागद आपल्या दप्तरात असावा.

आता व्यवहाराचे. मुली परीक्षेसाठी शिकतात, आणि आपली प्रात्यक्षिक परीक्षा ट्रे मांडण्याची आहे. आज दुपारी तीनच्या सत्रात या परीक्षेविषयीचा जो मसुदा चर्चेला येणार आहे, त्यात मी असे सुचवले आहे, की विद्यार्थिनीला तीन प्रत्यक्ष रुग्णांचे हँडओव्हर द्यावे, कोणाकडे आधी जाशील आणि का, हे विचारावे, आणि मध्येच एक नवी माहिती सांगून तिचा क्रम बदलतो का ते पाहावे; गुण क्रमाला नव्हे, कारणांना द्यावेत. दोन परीक्षक दोन प्रकारे गुण देतील ही तक्रार माझ्यापर्यंत आधीच पोचली आहे. देऊ द्यावेत, मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या दोघींनी त्याच तीन रुग्णांपाशी जाऊन आपापला क्रम लिहावा आणि मतभेद असेल तर तो आपसांत बोलून घ्यावा, असे कलम मी मुद्दाम घातले आहे. या भागाला एकूण गुणांपैकी किती गुण मुकरर करावेत, ती जागा मसुद्यात कोरी सोडली आहे. तो आकडा सभेने भरावा.