मागावरून भिंतीवर



भिंतीवर टांगलेल्या चित्राला आपण कला म्हणतो आणि त्याच भिंतीच्या रंगाला सजावट. ही उतरंड ज्यांनी आपल्या कामातून मोडून काढली, त्या सोफी टॉयबर-आर्प यांच्याविषयी मला आज बोलायचं आहे. जन्म 1889, स्वित्झर्लंडमधलं दावोस.

1916 ते 1929 त्या झुरिचच्या उपयोजित कलांच्या शाळेत वस्त्रकला शिकवत होत्या. माग, सुई, मणी ही त्यांची रोजची साधनं. मागावर धागे दोनच दिशांनी जातात, उभे आणि आडवे. जी आकृती करायची ती त्यातच बसवावी लागते. सोफीबाईंच्या सुरुवातीच्या चित्रांतले उभे-आडवे चौकोन या शिस्तीतून आलेले आहेत. युरोपातल्या अमूर्त कलेच्या आरंभीची ही कामं, आणि त्यांतली काही तर थेट लोकरीत केलेली!

मग हाती लाकूड आलं. 1918 साली कार्लो गोझी यांच्या ‘हरिण राजा’ या नाटकासाठी त्यांनी कळसूत्री बाहुल्या घडवल्या. कातलेले शंकू, नळकांडी, गोळे एकमेकांत अडकवले आणि सांधे मुद्दाम उघडे ठेवले. 1920च्या सुमारास टोपी ठेवायच्या ठोकळ्यासारखे लाकडी चेहरे रंगवले. मण्यांच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, शिल्पं, सगळ्याला सारखाच जीव लावला.

अशा हाताला इमारतीतली दालनं मिळाली 1926 साली. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ‘ऑबेत’ नावाची अठराव्या शतकातली इमारत आहे. तिथल्या करमणूक केंद्राच्या अंतर्रचनेचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी पती हान्स आर्प आणि डच चित्रकार थिओ फान डूसबुर्ख यांना सोबत घेतलं. स्वतः चहाचं दालन आणि बार यांची रचना केली. मागावरचे चौकोन आता भिंतींवर आणि छतावर पसरले. चित्रासमोर उभं राहायचं असतं. इथे माणसं रंगांच्या आत बसून चहा पिऊ लागली.

1928 मध्ये ऑबेत खुली झाली. लोकांना ती रुचली नाही आणि दहा वर्षांच्या आत ते रंग नव्या सजावटीखाली झाकले गेले. सोफीबाई 1943 मध्ये वारल्या. पुढे 1995 साली 50 स्विस फ्रँकच्या नोटेवर त्यांचा चेहरा आला. ऑबेतच्या पहिल्या मजल्यावरची दालनं 2006 पर्यंत पुन्हा उभी राहिली, पण त्यांचं चहाचं दालन मात्र परत आलं नाही.

जे परत आलं ते जुने फोटो, आराखडे आणि थरांखाली उरलेले रंग यांच्या आधारावर. अंतर्रचना वापरात झिजते, मालक बदलला की पुसली जाते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: एखादं जुनं दालन पाडण्याआधी त्याची मापं घ्या, रंगांचे नमुने ठेवा, फोटो काढा आणि ते घडवणाऱ्या व्यक्तीचं नाव लिहून ठेवा. चित्राला आपण एवढा मान देतोच. खोलीलाही तो द्यायला हवा.