सेंट ऑगस्टीनचा मनोरा

जुने गोवे या गावात, मॉन्ते सांतो टेकडीवर, जांभ्या दगडाचा एक उंच मनोरा उभा आहे.
श्रोतेहो, हा सेंट ऑगस्टीन चर्चचा अवशेष.

ऑगस्टीन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले.
१६०२ पर्यंत चर्च बांधून झालं.
तेव्हा युरोपात बरोक शैली आकार घेत होती.
त्या थाटाचं भव्य दर्शनी तोंड, दोन्ही बाजूंना मनोरे,
आत अर्धगोल कमानीचं छत आणि कडेला लहान प्रार्थनागृहं.

दगड मात्र कोकणातलाच, जांभा.
जांभा सच्छिद्र असतो.
त्याला चुन्याचा गिलावा लागतो, आणि तो पुन्हा पुन्हा करावा लागतो.

१८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं साधूंना घालवलं.
देखभाल थांबली.
१८४२ मध्ये छत कोसळलं.
१९३१ मध्ये दर्शनी भाग पडला, पुढे निम्मा मनोराही.
हे चर्च लढाईत पडलं नाही. देखभाल थांबली, म्हणून पडलं.

त्याची मोठी घंटा मात्र आजही वाजते, पणजीच्या चर्चमध्ये.

या अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या.
इराणात १६२४ मध्ये तिला ठार मारलं होतं.
अस्थी तिच्याच आहेत, याला जनुकीय तपासणीनं दुजोरा दिला.
२०२१ मध्ये भारतानं काही अस्थी जॉर्जियाला सुपूर्द केल्या. हे फार चांगलं झालं.

गोव्याला जाणाऱ्यांनी समुद्राआधी ही टेकडी जरूर चढावी.
जमिनीवर जुन्या थडग्यांच्या कोरीव शिळा अजून आहेत.