पाण्याचे मोल : एक हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बंगळूर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल कार्यकारिणीचा मी ऋणी आहे. मी केंद्र शासनाच्या सेवेतील एक साधा बी. ए. पदवीधर, तज्ज्ञतेचा दावा करीत नाही. परंतु एका प्रश्नाने मला नेहमीच विचारास प्रवृत्त केले आहे. एकाच पाण्यावर शेतकरी, वीजकेंद्र आणि शहर असे तिघेही हक्क सांगू लागले, तर त्याचे मोल कोणत्या मापाने करावे?

पाण्यावाचून प्राण जातो, हिऱ्यावाचून कोणाचे अडत नाही. तरीही हिरा महाग आणि पाणी स्वस्त का, असा प्रश्न ॲडम स्मिथने १७७६ साली उपस्थित केला. पुढील अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर दिले की, किंमत ठरते ती वस्तूच्या एकूण उपयोगावरून नव्हे, शेवटच्या घागरीच्या उपयोगावरून. पहिली घागर तहान भागविते, पन्नासावी अंगणात शिंपडली जाते. यास्तव शहराचे पाणी मोलाचे की शेताचे, हा प्रश्नच अपुरा आहे. आणखी एक टीएमसी पाणी कोठे दिले असता किती लाभ आणि कोठून काढले असता किती हानी, हा खरा प्रश्न होय.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. दरडोई दररोज १३५ लिटर या शहरी मानाने ते पावणेसहा लाख लोकांस वर्षभर पुरते. भातास हेक्टरी १२,००० घनमीटर पाणी धरले, तर त्यावर सुमारे २,३५० हेक्टर भात पिकतो. कोयनेचे तेवढेच पाणी पोफळीस सुमारे ४७५ मीटर खाली उतरले की अंदाजे तीन कोटी युनिट वीज देते. उलट कावेरीचे पाणी या नगरीत आणावयाचे तर सुमारे शंभर किलोमीटरांवरून, जवळजवळ ५०० मीटर उंच चढवावे लागते. घनमीटरमागे दीड युनिटाहून अधिक वीज खर्ची पडते.

आता रुपयांचा हिशेब पाहू. शेतीच्या पाण्याचे मोल काढताना उत्पन्नातून बियाणे, खत, मजुरी, व्याज वजा करतात. त्यातून कोरडवाहू पिकाचे निव्वळ उत्पन्नही वजा केले की उरते ते पाण्याचे. उदाहरणादाखल समजा, भाताचे हेक्टरी निव्वळ उत्पन्न ३०,००० रुपये आणि कोरडवाहू नाचणीचे १२,००० रुपये. फरक १८,००० रुपयांचा. म्हणजे घनमीटरास दीड रुपया. याच नगरीत मार्च २०२४ च्या टंचाईत प्रशासनाने १२,००० लिटरच्या टँकरचा दर, पाच किलोमीटरांच्या आत, १,००० रुपये ठरवून दिला. म्हणजे घनमीटरास सुमारे ८३ रुपये. मग सारे पाणी शहरासच द्यावे काय?

तसा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. टँकरचा दर हा टंचाईतील, दाराशी पोचविलेल्या पाण्याचा. कालव्यातील पाण्याचा नव्हे. शेतीच्या हिशेबात जी मजुरी आपण खर्च म्हणून वजा केली, तीच भूमिहीन मजुराची भाकरी असते. पाणी गेले की तीही जाते.

तिसरी गोष्ट अशी की, वापरलेले सर्वच पाणी नाहीसे होत नाही. शिवनसमुद्र येथे १९०२ पासून वीज निर्माण करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींस पुरविली गेली. पाणी मात्र नदीतच परतले. कोयनेचे तसे नाही. बच्छावत लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळविण्यास मुभा दिलेले वार्षिक ६७.५ टीएमसी पाणी कृष्णेच्या खोऱ्यास कायमचे अंतरते. शहरास दिलेल्या पिण्याच्या पाण्यापैकी केवळ वीस टक्के खर्ची पडते, असे कावेरी लवादाने धरले. उरलेले सांडपाणी शुद्ध करून २०१८ पासून कोलारच्या तलावांत सोडले जाऊ लागले.

सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी कर्नाटकास १४.७५ टीएमसी अधिक दिले, त्यांपैकी ४.७५ टीएमसी बंगळुराच्या पिण्यासाठी. तमिळनाडूस मिळावयाच्या पाण्यात तितकीच घट झाली. तेथे निर्णय बाजारभावाने नव्हे, गरजेच्या विचाराने झाला. महाराष्ट्राने २००३ च्या जलनीतीत उद्योगास शेतीच्या आधी स्थान दिले आणि २०११ मध्ये तो क्रम फिरविला. अग्रक्रम समाज ठरवितो, हे यावरून दिसून येईल.

मग हिशेब व्यर्थ काय? मुळीच नाही. पिण्याचे पाणी हिशेबाच्या पलीकडचे. ते प्रथम दिलेच पाहिजे. त्यापलीकडच्या वापरासाठी मात्र काटेकोर मोजदाद हवी. दीड रुपया आणि ८३ रुपये यांत वाहतुकीचा खर्च वजा जाताही मोठे अंतर उरते. ज्याचे पाणी शहरासाठी घेतले, त्या शेतकऱ्यास व त्याच्या शेतावरील मजुरास भरपाई देण्याची ऐपत या अंतरातच आहे. आपण शहरवासी त्या पाण्याचे लाभार्थी आहोत. ती भरपाई आपल्या पाणीपट्टीत धरली जावी, अशी मागणी आपणच केली पाहिजे, एवढे नम्रपणे सुचवून मी आपली रजा घेतो.