सभा कुठं घ्यायची? परंड्याच्या १,५०९ मतांचा हिशेब

आज गावाकडून, तेरमधून बोलतोय. माळवदावर बसलोय, मागं कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय: पक्षानं प्रचाराचा जोर लावायचा कुठं? पक्ष कुठलाही असो. मी इंजिनिअर आहे, कार्यकर्ता नाही. म्हणून हिशेबानं बोलतो.

४ जून २०२४. धाराशिव लोकसभेला ओमराजे निंबाळकर ३,२९,८४६ मतांनी निवडून आले. विरोधात अर्चना पाटील होत्या. लोक म्हणाले, आता विधानसभेला बघायलाच नको! २३ नोव्हेंबरला त्याच लोकसभेतल्या सहा जागांचा निकाल लागला. धाराशिव, उमरगा, बार्शी उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडे. तुळजापूर, औसा, परंडा महायुतीकडे. तीन-तीन!

परंड्यात तानाजी सावंत जिंकले, राहुल मोटे हरले. फरक १,५०९. उमरग्यात प्रवीण स्वामी ३,९६५ मतांनी आले. आता बघा, तेव्हा एका बूथवर साधारण १,५०० पर्यंत मतदार असायचे. म्हणजे परंड्याची आमदारकी एका बूथएवढ्या मतांवर ठरली. ७५५ जणांनी मत फिरवलं असतं, तर निकाल पलटला असता.

आणि पक्ष काय करतात? जिथं आधीच आपली माणसं आहेत तिथंच मोठी सभा, जेसीबीतून फुलं, ड्रोनचा व्हिडिओ. गर्दी दिसते, पण नवीन मत एकही मिळत नाही. सव्वातीन लाखांनी जिंका नाहीतर एका मतानं, खासदार एकच मिळतो.

मग जोर कुठं? निवडणूक आयोगाचा फॉर्म २० असतो. त्यात प्रत्येक बूथवर कुणाला किती मतं पडली, ते मिळतं. जिथं थोडक्यात हरलो-जिंकलो, तिथं चार माणसं पाठवा, दारोदार. माईक नको, ऐकून घ्या.

दुसरी जागा पुण्यात आहे. हसू नका! माझा रूममेट भूमचा, म्हणजे परंडा मतदारसंघातला. २० नोव्हेंबरला मतदान होतं, बुधवार. ऑफिसमध्ये रिलीज होतं, "एका मतानं काय होतंय" म्हणून तो गेला नाही. २३ तारखेला आकडा बघितला आणि गप्प बसला. त्याच्यासारखे किती असतील? त्यांना महिनाभर आधी एक फोन गेला असता, तरी पुरलं असतं.

आता माझी खरी अडचण सांगतो. हा हिशेब सगळ्याच पक्षांनी केला, तर जी गावं "पक्की" समजली जातात तिथं कुणीच येणार नाही. आपले म्हणून एकजण येत नाही, त्यांचे म्हणून दुसरा येत नाही. पाण्याचा, एसटीचा प्रश्न मग कुणाला सांगायचा? माझ्या हिशेबात हा बग आहे, आणि तो पक्ष दुरुस्त करणार नाहीत.

तो आपणच करू शकतो. आपलं मत शेवटपर्यंत कुणाच्याही खिशात जाऊ द्यायचं नाही. आपला बूथ चुरशीचा झाला, की गाड्या आपोआप वळतात.

तर आजचं काम: आपल्या बूथचा फॉर्म २० शोधा आणि फरक बघा. तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी निघाला, तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!