झिजलेला ब्रेक

मोटार विकत घेताना माणूस तिच्या वेगाची, रंगाची आणि एका लिटर पेट्रोलमध्ये ती किती धावते याची बारकाईने चौकशी करतो. ती थांबते कशी, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. मीही विचारले नव्हते. पेशाने मी शिक्षक. राहतो पेडणे तालुक्यात आणि शिकवितो डिचोलीच्या बाजूला. यंत्रविद्येचा माझा अभ्यास नाही. तरीही आज ब्रेकविषयी आपल्याशी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे, ते एका पावसाळी सकाळी मला मिळालेल्या धड्यामुळे.

पेडण्याहून डिचोलीस जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे स्वरूप सांगावयास नको. धारगळच्या सड्यावरून खाली उतरावे, कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडावी, पुढे अस्नोड्यावरून पुन्हा चढउतारांच्या आणि वळणांच्या वाटेला लागावे. सपाट रस्ता असा थोडाच. त्यात २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागली आणि पेडण्याच्या रस्त्यांवरची वर्दळ वाढली. डिचोलीकडे खनिजाचा व्यवसाय २०१२ साली व पुन्हा २०१८ साली थांबला होता. तो आता परत सुरू झाला आहे, आणि त्याच्याबरोबर लाल धूळही परतली आहे. पावसात या धुळीचा चिखल होतो, चाकांच्या आत शिरतो आणि त्यातील कठीण कण ब्रेकच्या पट्ट्या व तबकड्या घासत राहतात. अशा मुलुखात गाडीच्या ब्रेककडे दुर्लक्ष करणे म्हणजे होडीच्या तळाला भोक पडल्याचे ठाऊक असूनही वल्ही मारीत राहण्यासारखे आहे.

मी तेच केले. मे महिन्याच्या आरंभी ब्रेकवर पाय ठेवला की पुढच्या चाकातून बारीक किर्र असा आवाज येऊ लागला. चाकाच्या जाळीतून मी डोकावून पाहिले. बाहेरच्या बाजूची पट्टी स्पष्ट दिसत होती आणि ती चांगली जाड होती. माझे समाधान झाले. पुढे आवाज कर्कश झाला. मी गाडीच्या काचा वर केल्या. शाळा सुरू होण्याचे दिवस, पाठ्यपुस्तके, प्रवेशअर्ज, वेळापत्रक यांच्या धांदलीत गॅरेजला जाणे ‘पुढच्या शनिवारी’ या सदरात पडत राहिले.

जूनच्या एका सकाळी डिचोलीजवळच्या एका उतारावर मी ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने चाललो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. थांबलेल्या बसच्या पुढून एक मुलगा छत्री मिटीत रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. चाकातून लोखंडावर लोखंड खरडल्याचा आवाज आला, आणि गाडी माझ्या अपेक्षेच्या बरीच पुढे जाऊन थांबली. त्या मुलामध्ये आणि गाडीमध्ये त्याची ती मिटलेली छत्री आडवी मावेल एवढेच अंतर उरले होते. त्याने माझ्याकडे पाहिले, मला ओळखले, ‘गुड मॉर्निंग सर’ म्हटले आणि तो चालू लागला. पहिल्या तासाला मी हजेरी घेतली. त्याचे नाव पुकारले, तेव्हा त्याने रोजच्यासारखे ‘हजर’ म्हटले. पुढचे नाव पुकारण्यास मला थोडा वेळ लागला.

त्या दिवशी संध्याकाळी गाडी हळूहळू चालवीत मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेली. तो आता गाड्या दुरुस्त करतो. त्याने चाक उतरविले, आतल्या बाजूची पट्टी बाहेर काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ती पट्टी नव्हतीच. नुसता लोखंडाचा पत्रा उरला होता. बाहेरची पट्टी मात्र अजून अर्धीअधिक शिल्लक होती. ‘सर, तुम्ही उत्तर पाहिलंत, पण पान उलटून पाहिलं नाहीत,’ तो म्हणाला. विद्यार्थ्याने शिक्षकाचे गुण कापावेत तसा तो क्षण होता.

आता हे असे का होते, ते थोडक्यात पाहू. बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांबरोबर एकेक लोखंडी तबकडी फिरत असते; तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना दोन पट्ट्या असतात, हेच ब्रेक-पॅड. त्यांना धरून ठेवणाऱ्या चिमट्यासारख्या भागास कॅलिपर म्हणतात. आपण पायाने ब्रेक दाबला की नळीतील तेलाचा दाब कॅलिपरमधील पिस्टनवर येतो आणि दोन्ही पट्ट्या तबकडीला आवळतात. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकात पास्कल याने मांडलेला नियम आम्ही शाळेत शिकवितो. त्याच नियमाच्या आधारे एका पायाचा जोर हजार किलोची गाडी थांबवितो. कॅलिपर ज्या खिळांवर सरकतो ते चिखलाने वा गंजाने अडकले, तर दोहोंपैकी एकच पट्टी सारा भार सोसते. माझ्या गाडीत तेच झाले होते.

गाडी थांबते म्हणजे तिची गती नाहीशी होत नाही. घर्षणाने तिची उष्णता होते. येथे गणिताची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटरने जाणारा मनुष्य आपल्या ब्रेकवर चौपट काम लादीत असतो. शिवाय ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. पाय उचलून ब्रेकवर ठेवीपर्यंतच निम्मा वर्ग ओलांडला जातो. अशा वेळी झिजलेल्या पट्टीने आणखी दोनतीन मीटर घेतले, तर त्या दोनतीन मीटरांत काय असेल हे कोणी सांगावे?

ब्रेकला पट्टी लावण्याची कल्पनाही एका उतारावरच सुचली, ही गोष्ट मला फार मनोरंजक वाटते. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बेर्था बेंझ ही बाई, पतीने बनविलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरहून अधिक अंतराचा तो प्रवास होता. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून निकामी होऊ लागले, तेव्हा तिने वाटेतील एका चर्मकाराकडून त्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. मोटारीच्या इतिहासातील ब्रेकची ती पहिली पट्टी मानली जाते. तिला ब्रेक झिजल्याचे कळले आणि ती तेथेच थांबली. मी महिनाभर काचा वर करून चाललो होतो.

माझ्या विद्यार्थ्याने एका चाकाच्या पट्ट्या स्वतः बदलल्या आणि दुसऱ्या चाकाच्या माझ्याकडून बदलवून घेतल्या. एकाच चाकाच्या कधी बदलू नयेत. तसे केल्यास ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जाते. त्याने दिलेले धडे मी आपल्यापुढे ठेवतो.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. जॅकने गाडी उचलली की ती स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात आणि त्यांची चवड रचून काम भागविण्याचा मोह होतो. परंतु चिरा भिंतीत कितीही मजबूत असला, तरी अशा भाराखाली तो अवचित फुटू शकतो.

कॅलिपर सोडविल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. आतील भुकटी फुंकरीने उडवू नये. जुन्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत असत आणि आजची भुकटीही फुप्फुसांना हितकर नाही. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. नवी पट्टी जाड असल्याने पिस्टन हलकेच मागे दाबावा लागतो. त्या वेळी वरच्या डब्यातील ब्रेक ऑईल उतू जात नाही ना, हे पाहावे. कॅलिपरच्या खिळांना त्यासाठीचेच ग्रीस लावावे, पण पट्टीला वा तबकडीला तेलाचा थेंबही लागू देऊ नये. तबकडीवर खोल चरे पडले असतील वा ती प्रमाणाबाहेर पातळ झाली असेल, तर तीही बदलावी. माझी बदलावी लागली. पट्टी वेळीच बदलली असती तर तो खर्च वाचला असता. कारण पट्टी झिजण्यासाठीच केलेली असते, तबकडी वाचावी म्हणून.

सर्वांत महत्त्वाची सूचना त्याने शेवटी दिली आणि ती दोनदा उच्चारली. चाक बसवून, नट समोरासमोरचे याप्रमाणे आवळून झाले की गाडी हलविण्यापूर्वी ब्रेक पुनःपुन्हा दाबावा. पहिल्या दाबाला तो थेट तळाशी जातो, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. चारपाच वेळा दाबल्यावर तो पायाला कठीण लागतो. हे विसरून जो निघाला, त्याची गाडी नव्या पट्ट्या असूनही पहिल्या वळणावर थांबत नाही. त्यानंतर पहिले दोनतीनशे किलोमीटर शक्य तो एकदम जोराने ब्रेक लावू नये. पट्टी आणि तबकडी एकमेकींस सरावल्या पाहिजेत.

हे सारे प्रत्येकाने स्वतःच करावे असे माझे म्हणणे नाही. ज्याला खात्री नाही त्याने जाणत्याकडेच जावे. परंतु काय पाहावे, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असावे. नव्या पट्टीचा घासला जाणारा थर साधारणतः १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की ती बदलावी. आतली व बाहेरची, दोन्ही पट्ट्या पाहाव्यात. अनेक पट्ट्यांना एक लहान पत्री बसविलेली असते. थर संपत आला की ती तबकडीला घासून किर्र वाजते. मी ज्या आवाजासाठी काचा वर केल्या, तो बिघाड नव्हता, निरोप होता. ब्रेक ऑईलही हवेतील ओलावा शोषून घेते, आणि आपल्या दमट हवेत हे विशेष लक्षात ठेवावे. असे तेल लवकर उकळते, त्यात वाफ होते आणि ब्रेक पोकळ लागतो. म्हणून ते सामान्यतः दर दोन वर्षांनी बदलावे. नाताळच्या वा मे महिन्याच्या सुट्टीत बेळगावहून चोर्ला घाटाने उतरणाऱ्यांनी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सारा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर उत्तम पट्ट्याही तापून आपली पकड गमावतात.

श्रोतेहो, तो मुलगा आता वरच्या वर्गात गेला आहे. त्या सकाळी काय टळले, हे त्याला माहीत नाही. मी त्याला सांगितलेले नाही. आतल्या बाजूचा तो उघडा पडलेला पत्रा मात्र मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे आणि दर सहा महिन्यांनी चाके उतरवून घेतो. आपल्याही गाडीतून तसा आवाज येत असेल, तर येत्या शनिवारची वाट पाहू नका.